वांडाव्हिजन: सिटकॉमचं सोंग खरंच गरजेचं होतं का? (रहस्यभेद आहे)

निर्झरा | शुक्रवार, रात्री १०:१२

घरात झालेला वाद इथे आणतेय. नवऱ्याला 'वांडाव्हिजन' बघायला बसवलं. पहिल्या भागात तो पेंगायला लागला, दुसऱ्यात उठून भांडी लावायला गेला. त्याचं म्हणणं असं: "नऊ भागांची मालिका, त्यातले तीन भाग जुन्या अमेरिकन मालिकांची नक्कल. गोष्ट चौथ्या भागात सुरू होते. मग आधीचे तीन कशाला?"

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वांडा मॅक्सिमॉफ आणि व्हिजन ही मार्व्हलच्या चित्रपटांतली जोडी. ती अफाट शक्ती असलेली मुलगी, तो माणसासारखं मन असलेला यंत्रमानव. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये व्हिजन दोनदा मरतो. आधी जग वाचवायला वांडाच त्याला मारते, मग खलनायक थॅनॉस काळ उलटा फिरवून त्याला पुन्हा मारतो, तिच्या डोळ्यांदेखत. आणि जानेवारी २०२१ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा पडद्यावर काय, तर कृष्णधवल चित्र, पन्नासच्या दशकातलं टुमदार घर, हीच दोघं नवरा-बायको, साहेब सपत्नीक जेवायला येणार म्हणून स्वयंपाकघरात धांदल आणि मागे प्रेक्षकांचा हशा. मेलेला माणूस जिवंत कसा, हे कोणी विचारतच नाही. पुढच्या भागात साठचं दशक, मग सत्तरचं, असं करत मालिका आजपर्यंत येते. हे सगळं जग वांडानेच आपल्या शक्तीने उभं केलंय, हे हळूहळू कळतं.

मी तीनदा पाहिली आहे आणि माझं मत पक्कं आहे: हे सोंग नसतं तर मालिकाच नसती. सिटकॉममध्ये, म्हणजे घरगुती विनोदी मालिकेत, काहीही बिघडलं तरी वीस-बावीस मिनिटांत जागेवर येतं. पुढच्या आठवड्यात तेच घर, तोच सोफा, तीच माणसं. जिचं काहीच जागेवर राहिलं नाही, ती बाई राहायला दुसरं कुठलं जग निवडेल?

पण हे नवऱ्याला पटवून देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

टपरीवरचा | शुक्रवार, रात्री १०:३०

पहिला भाग लावला तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. बाबांनी रिमोट घेऊन दहा मिनिटं टीव्हीचं सेटिंग बदलून पाहिलं. शेवटी केबलवाल्याला फोन लावणार होते.

---

मोगऱ्याचा वेल | शुक्रवार, रात्री १०:४१

निर्झरा, मस्त धागा. माझं मत तुझ्यासारखंच.

दुसरा भाग सुरू झाला आणि मी ओरडलेच. ते कार्टूनमधलं शीर्षक, नाक उडवून जादू करणारी गृहिणी... आमच्या लहानपणी 'बिविच्ड' हिंदीत डब होऊन लागायची, शाळेतून आलं की बघायचो. त्यामुळे मला नक्कल वगैरे वाटलं नाही, जुन्या वाड्यात परत गेल्यासारखं वाटलं. तुझ्या नवऱ्याने लहानपणी काय पाहिलं यावरही बरंच अवलंबून असेल.

---

पडद्यामागे | शुक्रवार, रात्री ११:२०

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच असतं. पण इथे ते भलतं नाही.

पहिला भाग खरोखर प्रेक्षक बसवून चित्रित केला आहे. स्टुडिओत माणसं बसली आहेत, समोर सेट, एकापेक्षा जास्त कॅमेरे. एलिझाबेथ ओल्सन आणि पॉल बेटनी यांचं बोलणं नीट ऐका. नाटकात नट लाफ्टरसाठी थांबतो तसे ते थांबतात. हशा चढू द्यायचा आणि तो उतरता उतरता पुढचं वाक्य घ्यायचं. आधी घेतलं तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर प्रसंग पडतो. हे जिवंत प्रेक्षकांशिवाय जमत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भागात प्रेक्षक नाहीत, हशा वरून चिकटवलेला आहे, आणि अभिनयाची लय लगेच वेगळी लागते. हेही मुळाला धरून आहे. 'डिक व्हॅन डाइक शो' (१९६१ ते ६६) प्रेक्षकांसमोर व्हायचा, 'बिविच्ड' (१९६४ ते ७२) एका कॅमेऱ्यावर चित्रपटासारखी व्हायची आणि हशा नंतर घालायचे.

दिग्दर्शक मॅट शॅकमन लहानपणी स्वतः एका सिटकॉममध्ये कामाला होता. तयारी करताना तो आणि मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी थेट डिक व्हॅन डाइक यांना जाऊन भेटले. सेटवर तंत्रज्ञांनीसुद्धा त्या काळातले कपडे घातले होते. तरंगणाऱ्या बश्या-भांडी तारांवर आणि काठ्यांवर नाचवली, जुन्या पद्धतीने. आणि माझा सगळ्यात आवडता तपशील: व्हिजनचा लाल चेहरा कृष्णधवल चित्रात हवा तसा उठत नाही, म्हणून त्या भागांसाठी बेटनीला निळा रंग लावला. म्हणजे सेटवर निळा माणूस, पडद्यावर राखाडी, आणि आपण मनात त्याला लाल बघतो.

आता मुद्दा. जेवणाच्या टेबलावर हार्टसाहेबांच्या घशात घास अडकतो. मिसेस हार्ट हसत हसत "थांबव हे" म्हणत राहतात. तेच शब्द, पुन्हा पुन्हा. हळूहळू कळतं की त्या नवऱ्याला नाही, वांडाला विनवताहेत. हशा बंद होतो. तोपर्यंत सगळे कॅमेरे प्रेक्षकांच्या बाजूला होते, ते एकदम टेबलाशी, तोंडाजवळ येतात. नाटकात एखादा नट वाक्य विसरला की विंगेत आम्हा सगळ्यांच्या पोटात जो खड्डा पडतो, तोच मला तेव्हा पडला. हा खड्डा पडायला आधीची वीस मिनिटं प्रामाणिकपणे हसवणारी असावीच लागतात. तीन भाग कशाला, याला माझं उत्तर हे.

---

तीव्र मध्यम | शुक्रवार, रात्री ११:५२

पडद्यामागे, निळ्या रंगाचं माहीत नव्हतं, कमाल!

त्यात संगीताची भर. प्रत्येक दशकाचं शीर्षकगीत वेगळं आहे, आणि ती केली आहेत 'फ्रोझन'ची गाणी करणाऱ्या क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या जोडप्याने. गंमत अशी की सगळ्या गाण्यांत चार सुरांचा एक तुकडा समान आहे, "वां-डा-व्हि-जन" म्हणायला बरोबर बसणारा. मी पेटीवर शोधत बसलो होतो. एकदम वरच्या षड्जावर उडी, आणि माझ्या कानाला त्यात तीव्र मध्यमाचं टोचणं लागतं. म्हणजे गाणं कितीही गोड असो, आत काहीतरी सलतं आहे. सातव्या भागातल्या अगाथाच्या (शेजारीण ॲग्नेस म्हणून वावरणारी चेटकीण) गाण्याला २०२१ चा एमी पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता.

---

काटेकोर | शनिवार, सकाळी ८:०५

मी विरुद्ध बाजूने बोलतो. तंत्र उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. आक्षेप गोष्टीच्या निकालावर आहे.

मालिकेत वेस्टव्ह्यू हे न्यू जर्सीतलं जितंजागतं गाव. तिथे तीन हजारांहून अधिक माणसं. वांडा त्या सगळ्यांना स्वतःच्या मालिकेत पात्रं म्हणून कोंडते. त्यांची नावं, नोकऱ्या, बोलणं, सगळं तिच्या मर्जीने. सहाव्या भागात गावाच्या कडेला एक बाई दारावर हॅलोविनची सजावट टांगते आहे, हात तीच हालचाल करत राहतो आणि गालावरून अश्रू ओघळतो. शेवटच्या भागात हीच माणसं सांगतात की तिच्या दुःखाची स्वप्नं त्यांना पडतात. याला ओलीस ठेवणं म्हणतात, दुसरा शब्द नाही.

आणि शेवटी काय? मोनिका, म्हणजे वांडाला समजून घेणारी सरकारी अधिकारी, तिला म्हणते की तू यांच्यासाठी काय सोडलंस हे यांना कधीच कळणार नाही. ती उडून जाते. प्रश्न मिटला! गावाने काय सोसलं, त्याचं काय? सिटकॉमचं सोंग मला इथे खटकतं. गोड घर, गोड गाणी, गोड जुळी मुलं दाखवून प्रेक्षकाला आधीच वांडाच्या बाजूला बसवून घेतलं आहे. निर्झरा म्हणतात तसं सोंगाशिवाय मालिका नाही, हे खरं. पण ते सोंग अपराध झाकायच्या कामी आलं आहे.

---

मांडवीकाठ | शनिवार, सकाळी ९:४०

काटेकोर, शंभर टक्के सहमत.

माझी वेगळी तक्रार. आम्ही आठ आठवडे पणजीत मित्राकडे जमायचो. शुक्रवारी दुपारी दीडला नवा भाग यायचा, जेवण आटोपून तयार. प्रत्येक भागानंतर मेफिस्टो (कॉमिक्समधला सैतान) येणार म्हणून पैज. माशीवरून मेफिस्टो, पडद्यावरून मेफिस्टो, सशावरून मेफिस्टो. नाही आला! आणि पाचव्या भागाच्या शेवटी दारात वांडाचा मेलेला भाऊ पिएत्रो उभा राहिला, एक्स-मेनच्या चित्रपटांत २०१४ पासून तीच भूमिका करणारा एव्हन पीटर्स, तेव्हा आम्ही खुर्च्यांवर चढलो होतो. निघाला कोण, तर गावातला कुणी राल्फ बोनर. त्या दिवशी उरलेली फिश करी कोणी खाल्ली नाही.

---

टपरीवरचा | शनिवार, सकाळी ९:५२

करी वाया गेली हे वाचून मला व्हिजनपेक्षा जास्त वाईट वाटलं.

---

जुनी पानं | शनिवार, सकाळी ११:१५

मांडवीकाठ, मेफिस्टोची अपेक्षा उगाच नव्हती, कॉमिक्समध्ये या जुळ्यांच्या गोष्टीत तो आहे. वांडा आणि तिचा भाऊ १९६४ मध्ये एक्स-मेनच्या चौथ्या अंकात आले, व्हिजन १९६८ मध्ये. कॉमिक्समध्येही दोघांचं लग्न होतं, न्यू जर्सीत घर होतं, जुळी मुलं होतात आणि ती मुलं खरी नव्हती असं निघतं. २००५ च्या कथेत तर वांडा दुःखापायी सगळं जगच बदलून टाकते.

पण मालिकेच्या मुख्य लेखिका जॅक शेफर यांनी राक्षस बाहेरून आणला नाही, याचा मला आनंदच झाला. मेफिस्टो आला असता तर सगळं खापर त्याच्यावर फुटलं असतं. काटेकोर यांचा आक्षेप तेव्हा खरा ठरला असता. इथे करणारी वांडाच आहे.

---

एडिसनकर | शनिवार, रात्री ८:३०

न्यू जर्सीत वीस वर्षं झाली म्हणून लिहितो. वेस्टव्ह्यू नावाचं ते गाव काल्पनिक आहे, आणि चित्रीकरण इथे झालेलंच नाही. बरंचसं अटलांटाला झालं आणि घरांची गल्ली कॅलिफोर्नियात बरबँकच्या वॉर्नर रँचमध्ये, जिथे 'बिविच्ड'चं घर उभं होतं त्याच गल्लीत.

मला मालिकेत सगळ्यात जास्त लागला तो आठवा भाग. सोकोव्हियात, म्हणजे वांडाच्या मायदेशात, युद्धाच्या मध्यात, वांडाचं लहानसं कुटुंब रात्री टीव्हीसमोर बसतं. वडील अमेरिकन मालिकांच्या डीव्हीडी विकतात, त्याच पेटीतून रोज एक निवडायची. आणि नियम असा की टीव्ही बघताना बोलायचं इंग्रजीतच. सराव व्हावा म्हणून.

मी इथे आलो तेव्हा पुस्तकी इंग्रजी येत होतं, बोलायचं येत नव्हतं. शेजारचा म्हातारा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवता ठेवता काहीतरी हलकंफुलकं बोलायचा आणि मी नुसता मान हलवायचो. रात्री अपार्टमेंटमध्ये जुन्या सिटकॉमचे पुनःप्रक्षेपित भाग बघून शिकलो: कोणत्या वाक्यावर काय उत्तर द्यायचं, दारात किती वेळ उभं राहायचं, मस्करीला मस्करीने कसं परतवायचं. मागे हशा आला की कळायचं, हा विनोद होता. त्या हशाने मला देश शिकवला, असं म्हणालो तर इथल्या माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना पटेल. त्यामुळे वांडाने निवडलेलं जग मला बनावट वाटत नाही. त्या मुलीसाठी सुरक्षित घर म्हणजे काय, याचं तिला माहीत असलेलं एकमेव चित्र ते आहे. तिच्या डोळ्यांसमोरचं स्वतःचं घर तर त्याच रात्री बॉम्बने पडलं, आणि ढिगाऱ्यात न फुटलेला दुसरा बॉम्ब बघत दोघं भावंडं दोन दिवस पडून राहिली.

---

अबोली | शनिवार, रात्री १०:०२

एडिसनकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

सहसा इथे वैयक्तिक लिहीत नाही. माझा भाऊ २०१९ मध्ये गेला. त्यानंतर सहाएक महिने मी रोज रात्री एकच जुनी विनोदी मालिका लावून झोपायचे, पाठ झालेले भाग. नवीन काही बघवत नव्हतं. नवीन गोष्टीत कोणीही मरू शकतं. जुनीत कोण कधी दारातून येणार, काय बोलणार, कुठे हशा येणार, सगळं ठरलेलं. आई म्हणायची, "किती वेळा तेच तेच?" तेच तेच असणं हेच औषध होतं.

म्हणून पाचव्या भागातला तो प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. व्हिजन वांडाला जाब विचारतोय, भांडण शिगेला पोचलंय, आणि मध्येच पडद्यावर श्रेयनामावली सुरू होते. वांडाच भाग संपवायला बघते आहे! नावं वर सरकत राहतात आणि तो बोलायचा थांबत नाही. त्याच भागात कुत्रा मरतो, मुलं म्हणतात त्याला परत आण, आणि ती त्यांना समजावते की मेलेल्याला परत आणता येत नाही. समोर व्हिजन उभा असताना.

काटेकोर, तुमचा मुद्दा चूक नाही. पण मला मालिका वांडाला माफ करताना दिसली नाही. शेवटी ती कोणाशी न बोलता, मान खाली घालून त्या गावातून चालत जाते आणि सगळे तिच्याकडे रोखून बघत असतात. ते बघणं मला माफीचं वाटलं नाही.

---

काटेकोर | शनिवार, रात्री १०:४०

अबोलीताई, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या आधीच्या प्रतिसादातला सूर जरा कोरडा होता, तुम्हाला लागला असेल तर मनापासून माफी.

चालत जाण्याचा प्रसंग मी पुन्हा पाहीन. तरी नजरेने शिक्षा होत नाही, हे माझं मत आज तरी कायम आहे.

---

मोगऱ्याचा वेल | रविवार, सकाळी १०:१५

अवांतर: मधल्या जाहिराती कोणाला आवडल्या? पहिल्या भागात स्टार्कचा टोस्टर, पुढे स्ट्रकरचं घड्याळ, हायड्राची आंघोळीची पावडर, लागोस नावाचे कागदी रुमाल. प्रत्येक जाहिरात म्हणजे वांडाच्या आयुष्यातली एकेक जखम. टोस्टरवरचा लाल दिवा कृष्णधवल चित्रात एकटाच रंगीत लुकलुकतो, टकटक आवाज वाढत जातो, आणि तिचं घर पाडणाऱ्या बॉम्बवर नाव स्टार्कचंच होतं. माझ्या लेकीने हे दाखवलं, मी पहिल्यांदा जाहिरात आली म्हणून पाणी आणायला उठले होते.

---

टपरीवरचा | रविवार, सकाळी १०:२०

सवय! मीही उठलो होतो.

---

निर्झरा | रविवार, संध्याकाळी ६:४८

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळे वाचतेय. अबोली, तुला एक घट्ट मिठी.

आता एक नवीन गोष्ट. धागा वाचून काल आणि आज मी आईसोबत पूर्ण मालिका पुन्हा लावली. आईला मार्व्हल वगैरे काही ठाऊक नाही, मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले. कृष्णधवल भाग तिला फार आवडले, स्वयंपाकघरातल्या गोंधळाला खळखळून हसली. व्हिजन मेला आहे हे कळल्यावर "अगं बाई" म्हणाली आणि गप्प बसली.

शेवटच्या भागात ती डॉटी येते ना, दुसऱ्या भागात कार्यक्रम समितीची सर्वेसर्वा असते ती. तिचा ताबा सुटल्यावर ती वांडाला काकुळतीने सांगते की माझी आठ वर्षांची मुलगी आहे, तुझ्या मुलांशी खेळेल, हवं तर तिला तुझ्या गोष्टीत घे, फक्त तिला तिच्या खोलीतून बाहेर येऊ दे. मी भाषांतर करून सांगितलं. आईने मला थांबवायला लावलं आणि विचारलं, "म्हणजे इतके दिवस पोर खोलीत होती? मग तिला जेवायला कोण देत होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीनदा पाहिलेल्या मालिकेत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुढचा सगळा लढाईचा भाग आईने बघितला, पण मध्येमध्ये विचारत होती, "ती पोर बाहेर आली का?"

---

एडिसनकर | रविवार, संध्याकाळी ७:०५

आईंचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला.

---

पडद्यामागे | रविवार, रात्री ८:१०

निर्झरा, तुझ्या आईंनी धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं आहे! जरा विस्ताराने लिहितो.

सिटकॉममध्ये मुलं कुठे असतात? कथेला हवी असली की जिन्यावरून खाली येतात, दोन वाक्यं बोलतात, पुन्हा वर जातात. वर काय करतात, कोणी विचारत नाही, कारण वर खोलीच नसते, जिन्याच्या मागे फळी आणि उतरायची शिडी असते. आम्ही नाटकात हेच करतो. विंगेत गेलेलं पात्र त्या वेळी अस्तित्वात नसतं.

आता वेस्टव्ह्यू आठवा. दुसऱ्या भागात गावाचा कार्यक्रम शाळेसाठी आहे, बायका सारख्या एका सुरात "मुलांसाठी!" म्हणतात. आणि त्या भागात एक तरी मूल दिसतं का? मी आत्ता पुन्हा पाहिला. एकही नाही. "मुलांसाठी" म्हणवून घेणाऱ्या बायकांची पुढारी ही डॉटीच, जिची स्वतःची मुलगी तेव्हा खोलीत बंद आहे.

---

मोगऱ्याचा वेल | रविवार, रात्री ८:३३

अरे देवा! हो! पाचव्या भागातल्या भांडणात व्हिजन विचारतोच, या गावात दुसरी मुलं का नाहीत? आणि सहाव्या भागात हॅलोविनला एकदम रस्ताभर मुलं. तेव्हा तो खोटा पिएत्रो वांडाला कौतुकाने विचारतो, आतापर्यंत मुलांना कुठे लपवलं होतंस? मग त्याचा तोच म्हणतो, बिछान्यात शांत झोपवून ठेवली असशील, सणाच्या भागापुरती बाहेर काढायची. मी तेव्हा हसले होते. सणाचा विशेष भाग म्हटला की गर्दी लागतेच, म्हणून.

---

जुनी पानं | रविवार, रात्री ८:५०

याच रांगेत ॲग्नेसचा नवरा राल्फ. शेजारीण येताजाता त्याच्यावर विनोद करते आणि तो कधीच दिसत नाही. जुन्या सिटकॉममधली ठरलेली युक्ती म्हणून आपण सोडून देतो. शेवटी कळतं की राल्फ खरंच आहे, आणि तो पिएत्रो बनवून राबवला जातोय, अगाथाने त्याचंच घर बळकावलं आहे. मांडवीकाठ, तुमच्या राल्फ बोनरकडे या बाजूने बघा. तो विनोद नाही, तोही कोंडलेला माणूसच.

---

मांडवीकाठ | रविवार, रात्री ९:०४

पाच वर्षं त्या माणसावर राग धरून होतो. आज सोडला.

---

काटेकोर | रविवार, रात्री ९:३०

मी म्हणालो होतो की सिटकॉमचं सोंग अपराध झाकतं. आईंच्या प्रश्नानंतर ते मत मला बदलावं लागेल. सिटकॉमचा प्रत्येक नियम त्या गावात कोणाच्या तरी अंगावर पडलेला आहे. मुलं हवी तेव्हाच दिसणार, म्हणून खोलीत बंद. शेजाऱ्यांना स्वतःचं घर-संसार नसणार, म्हणून तो पुसून टाकलेला. कथेत काम नसलेली माणसं गावाच्या कडेला हात हलवत उभी. सोंग झाकत नाही, सोंग हाच अपराध आहे, आणि तो आपल्याला पहिल्या भागापासून उघड दाखवला आहे. आपण हसत होतो म्हणून दिसला नाही.

मोनिकाच्या त्या वाक्याबद्दल मात्र मी हटणार नाही. ते वाक्य नको होतं.

---

अबोली | रविवार, रात्री ९:४४

त्या वाक्यावर मीही तुमच्याच बाजूने.

आणि वांडाने हे जाणूनबुजून केलं नसेल, हे मला अजूनही वाटतं. दुःखात असताना दुसऱ्यांच्या खोल्या दिसतच नाहीत. माझी आई त्या सहा महिन्यांत काय जेवत होती, मला आठवत नाही.

---

तीव्र मध्यम | रविवार, रात्री १०:१०

अबोली, हे वाचून थांबलो.

---

निर्झरा | रविवार, रात्री ११:०५

अबोली, उद्या तुला फोन करते.

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. पडद्यामागे यांचा शेवटचा प्रतिसाद त्याने माझ्या हातातून मोबाइल घेऊन स्वतः वाचला. आता बाहेरच्या खोलीत दुसरा भाग लावून बसला आहे, मुलं कुठे दिसतात का ते शोधतोय. आई शेजारी आहे. भांडी तशीच ओट्यावर आहेत.